श्रोत्यांच्या वर्गणीवर चालणारे नभोवाणी केंद्र

नभोवाणीचा खर्च कोणी सोसावयाचा? ब्रिटनने १९२२ पासून परवाना-शुल्क सक्तीचे केले. अमेरिकेत तो भार बहुतांशी जाहिरातदारांनी उचलला. परक्याच्या पैशावर चालणाऱ्या केंद्रात निवेदकाला आपल्या मनाची नसलेली वाक्ये उच्चारावी लागतात, हा लुइस हिल यांचा मूळ आक्षेप. दुसऱ्या महायुद्धात शस्त्र धरण्यास नकार दिलेल्या या शांततावादी गृहस्थांनी १९४६ मध्ये सहकाऱ्यांसह ‘पॅसिफिका प्रतिष्ठान’ स्थापन केले आणि १५ एप्रिल १९४९ रोजी कॅलिफोर्नियातील बर्कली येथे ‘केपीएफए’ हे केंद्र सुरू झाले. एफएम लहरी पकडणारे संच तेव्हा फारच थोड्या घरांत होते. पैसा आटला आणि ऑगस्ट १९५० मध्ये केंद्र मुके झाले. परंतु श्रोत्यांनी निधी उभारण्यास हात लावला व मे १९५१ मध्ये प्रक्षेपण पुन्हा सुरू झाले.

संभाव्य श्रोत्यांपैकी शेकडा दोघांनी वर्षाकाठी दहा डॉलर दिले तरी पुरे, असा हिल यांचा हिशेब होता. वर्गणी न भरणाऱ्याचा संच काही बंद पडत नसे. तोही तेच कार्यक्रम फुकट ऐके. हे ठाऊक असूनही देणारा देई, यातच या योजनेचे वेगळेपण आहे. जाहिरातींचा उपद्रव टळला. वर्गणीसाठीची आर्जवे मात्र श्रोत्यांच्या कानी वारंवार पडू लागली. हिल १९५७ मध्ये निवर्तले. केंद्र अद्याप चालू आहे.