कॉफी बाधत नाही, मग बाधतं काय?

मुळशी तालुका म्हटलं की ताम्हिणीचा पाऊस, टाटांचं धरण आणि भातखाचरं डोळ्यांपुढे येतात. पण हिंजवडी आणि माणचं आयटी पार्कही याच तालुक्यातलं. तिथे कॉफीच्या मशीनचं बटण दाबायचं, कागदी कप भरला की पुन्हा कॉम्प्युटरसमोर बसायचं. रात्रपाळीत असे तीन-चार कप कधी होतात ते कळतही नाही. धरणाच्या वरच्या अंगाला, गावांमध्ये मात्र चहाचंच राज्य. तिथे कॉफी होते ती उपासाला, नाहीतर चहा न घेणारा पाहुणा आला तर. भरपूर दूध, भरपूर साखर आणि वर किसलेलं जायफळ.

या दोन्ही ठिकाणी एक शंका सारखीच असते: कॉफी बाधते का?

ही शंका अगदीच निराधार नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1991 मध्ये कॉफीला मूत्राशयाच्या कर्करोगाच्या संशयितांमध्ये बसवलं होतं. पुढे 2016 मध्ये 23 शास्त्रज्ञांनी हजाराहून अधिक अभ्यास पुन्हा तपासले आणि तो शिक्का काढला. मात्र त्याच बैठकीत त्यांनी दुसरं एक बोट दाखवलं: 65 अंश सेल्सिअसपेक्षा गरम असलेलं कुठलंही पेय अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा हातभार लावतं. म्हणजे दोष उकळत्या घोटाचा, कॉफीचा नव्हे. बशीत ओतून, निववून पिण्याची आजोबांची सवय त्यामुळे आज शास्त्रालाही मान्य व्हावी अशी आहे.

त्यानंतरचा मोठा पुरावा 2017 मधला. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या आढाव्यात दोनशेहून अधिक संकलित विश्लेषणं एकत्र तपासली गेली. दिवसाला तीन-चार कप कॉफी घेणाऱ्यांमध्ये हृदयविकार, टाइप 2 मधुमेह, यकृताचे आजार आणि एकूण मृत्यू यांचं प्रमाण कॉफी न घेणाऱ्यांपेक्षा कमी आढळलं. पण यातले बहुतेक अभ्यास नुसत्या निरीक्षणाचे आहेत. कॉफी पिणारे कमी आजारी पडले, एवढंच ते सांगतात. कॉफीमुळेच पडले नाहीत, असं त्यावरून ठरत नाही. तब्येतीसाठी म्हणून कॉफी सुरू करावी, असा सल्ला त्या संशोधकांनीही दिलेला नाही.

शिवाय हे अभ्यास बहुतांशी युरोप-अमेरिकेतले. तिथली कॉफी बऱ्याचदा काळी, निदान कमी गोड. आपल्याकडे कपात दोन चमचे साखर पडते, म्हणजे सुमारे 10 ग्रॅम. चार कपांना 40 ग्रॅम झाली. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात वरून घातलेल्या साखरेची मर्यादा 50 ग्रॅम सांगते आणि ती 25 वर आणलीत तर उत्तम, असंही म्हणते. मशीनमधल्या तयार मिश्रणात तर साखर आपल्या हाती नसते. त्यात बहुतेक वेळा साखर आणि दूध पावडरच जास्त आणि कॉफी नावापुरती. दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्या, पोट सुटू लागलेल्या तरुणाने मधुमेह टाळायला ही कॉफी प्यावी, हे गणित जुळत नाही.

कॉफी कशी करता, यानेही फरक पडतो. पावडर पाण्यात उकळून तशीच गाळली की कॅफेस्टॉल नावाचा तेलकट घटक कपात उतरतो आणि वाईट कोलेस्टेरॉल वाढवतो. कागदी फिल्टर तो अडवतो, इन्स्टंट कॉफीत तो जवळजवळ नसतो.

झोपेचा हिशेब वेगळा. पोटात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मं शरीराबाहेर पडायला साधारण पाच तास लागतात. पहाटे पाळी संपायच्या बेताला घेतलेला कप घरी सकाळच्या झोपेत लुडबुड करतो तो यामुळे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये दिवसाला 300 मिलिग्रॅम कॅफीनची मर्यादा सांगितली. 150 मिलिलिटर ताज्या गाळलेल्या कॉफीत 80 ते 120 मिलिग्रॅम असतं, इन्स्टंटमध्ये 50 ते 65. चहाही याच हिशेबात धरायचा.

त्याच संस्थेची दुसरी सूचना वरच्या गावांसाठी जास्त मोलाची आहे: जेवणाच्या तासभर आधी आणि तासभर नंतर चहा-कॉफी नको. त्यातले टॅनिन अन्नातलं लोह अडवतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक बाया रक्तक्षयी आढळल्या. नाचणी, पालेभाजी, कडधान्य खाऊन लगेच कप तोंडाला लावला, तर त्या लोहातलं बरंचसं वाया जातं.

गरोदरपणात जास्त कॉफीने बाळाचं वजन कमी राहण्याचा आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचा धोका वाढल्याचं 2017 च्या आढाव्यातही दिसलं. दिवस गेलेल्या बाईने चहा-कॉफी मिळून कॅफीन 200 मिलिग्रॅमच्या आत ठेवावं. आणि आशाताईंनी दिलेली लोहाची गोळी चहा-कॉफीबरोबर नको, पाण्याबरोबर घ्यावी. कप त्यानंतर तासाभराने.