रोशा तेल : खानदेशी गवत, परके नाव

प्रस्तावना
सुरतच्या नवागाम-डिंडोली भागात खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. त्यांच्या मूळ मुलखातील रोशा या रानगवताचे तेल एकोणिसाव्या शतकात तुर्कस्तानच्या बाजारापर्यंत पोहोचले होते; मात्र स्वतःच्या नावाने नव्हे.

वनस्पती व घटक
आयुर्वेदातील ‘रोहिष’ म्हणजेच रोशा. हे गवत गवती चहाच्या जवळचे असून त्याचे मोतिया व सोफिया असे दोन प्रकार आहेत. मोतियाचे तेल श्रेष्ठ मानतात, कारण त्यात साधारणतः ७५ ते ९० टक्के जिरॅनिऑल असते. १८७१ मध्ये ऑस्कर याकोबसेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने हा घटक याच तेलातून वेगळा केला. गुलाबतेलातही तो असल्यामुळे दोन्हींच्या वासात साम्य आढळते.

तेल काढण्याची रीत
१८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये या उद्योगाची माहिती आहे. पिंपळनेर हे त्याचे मूळ केंद्र. पुढे अक्राणी, नंदुरबार, शहादा व तळोदा येथे तो पसरला. पावसाळा सरताना मुसलमान कारागीर भिल्लांकडून गवत विकत घेत आणि ओढ्याकाठी भट्ट्या लावत. हंड्यात गवत व पाणी उकळून वाफ पोकळ बांबूवाटे थंड पाण्यात बुडवलेल्या भांड्यात नेत. तेथे ती निवून पाण्यावर तेल तरंगे. अरबीत ‘अरक’ म्हणजे घाम. थेंबाथेंबाने जमणाऱ्या द्रवाला हा शब्द चपखल बसतो. मराठीतील ‘अर्क’ याच अर्थाने रूढ आहे.

व्यापार
मुंबईहून हे तेल तांबड्या समुद्राच्या मार्गाने तुर्कस्तानात जाई. तेथे ते गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई. युरोपात त्याला ‘तुर्की जिरॅनियम तेल’ असे नाव पडले. गवत कापणारा भिल्ल आणि भट्टी राखणारा कारागीर यांचा त्या नावात मागमूसही उरला नाही.

उपयोग व दक्षता
आज हे तेल साबण, सुगंधी द्रव्ये व डास पळविणाऱ्या मिश्रणांत वापरतात. शुद्ध तेल तीव्र असते. म्हणून ते सौम्य केल्याशिवाय त्वचेला लावू नये व पोटात घेऊ नये.

समारोप
या एका गवतातून ऊर्ध्वपातन, व्यापारी मार्ग व शब्दांचा प्रवास हे तिन्ही विषय वर्गात शिकविता येतात. खानदेशी विद्यार्थ्याला त्यातून आणखी एक गोष्ट कळेल : जो माल पिकवितो व घडवितो, त्याने त्याचे नावही जपले पाहिजे.