टक्के, पर्सेंटाइल आणि रँक: गोंदियातल्या बारावीच्या घरांसाठी

निकालाच्या दिवसांत गोंदियाच्या चौकाचौकांत अभिनंदनाचे फलक लागतात. एका फोटोखाली ९१ टक्के, शेजारच्या फोटोखाली ९८ पर्सेंटाइल, तिसऱ्याखाली ५४० गुण. वाचणारे आईवडील हे तिन्ही आकडे एकाच मापाने मोजतात आणि घरी येऊन पोराला विचारतात, "त्याला अठ्ठ्याण्णव, मग तुलाच एक्याऐंशी कसे?" पुढचे बरेच गैरसमज या गोंधळातूनच निघतात. देवरी, सालेकसा किंवा अर्जुनी मोरगावच्या घरात अशा गैरसमजाची किंमत फार मोठी असते. त्यात पोराचे एक वर्ष जाते आणि धानाच्या हंगामाचे पैसेही जातात.

"९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के"

टक्के म्हणजे तुम्ही पेपर किती सोडवलात. पर्सेंटाइल म्हणजे तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी गुण शेकडा किती जणांना आहेत. एमएचटी-सीईटीच्या पीसीएम गटाला समजा तीन लाख मुले बसली. त्यात ९० पर्सेंटाइल मिळालेल्या मुलाच्या पुढे सुमारे तीस हजार जण असतात, ९९ वाल्याच्या पुढे तीन हजार. ९० ते ९९ हे अंतर कागदावर नऊचे दिसते, रांगेत ते सत्तावीस हजारांचे असते. परीक्षा अनेक दिवस, अनेक सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा असतो. कुणाला सोपा, कुणाला अवघड पेपर आल्याचा अन्याय होऊ नये म्हणून कच्च्या गुणांऐवजी पर्सेंटाइल देतात. पीसीएम आणि पीसीबी या गटांचे पर्सेंटाइलही वेगवेगळे काढले जातात. त्यामुळे एका गटाच्या ९५ ची दुसऱ्या गटाच्या ९५ शी तुलना करू नये.

"बारावीत जिल्ह्यात पहिला आला, आता सीट पक्की" आणि "बारावीला आता कोण विचारतो?"

ही दोन्ही वाक्ये एकाच घरात ऐकू येतात आणि दोन्ही चुकीची आहेत. राज्य मंडळाने गुणवत्ता यादी केव्हाच बंद केली. वर्तमानपत्रात जिल्ह्यातला पहिला छापून येतो, तो कॉलेजांकडून आलेल्या गुणांवरून. त्याचे कौतुक जरूर व्हावे, पण इंजिनिअरिंगचा किंवा एमबीबीएसचा रँक त्यावर ठरत नाही. जेईई मेनच्या रँकमध्ये बारावीच्या गुणांना ४० टक्के वजन होते तेही २०१३ ते २०१६ एवढीच वर्षे. २०१७ पासून ते गेले.

म्हणून बारावी सोडून द्यायची असेही नाही, कारण प्रत्येक दारावर तिची एक अट उभी आहे. नीटमधून प्रवेशासाठी भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मिळून खुल्या वर्गाला ५० टक्के, राखीव वर्गाला ४० टक्के लागतात. राज्यातल्या इंजिनिअरिंगला ४५ आणि ४०. नागपूरच्या व्हीएनआयटीसारख्या एनआयटीमध्ये जायचे तर बारावीत ७५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ६५) हवेत, नाहीतर आपल्या बोर्डातल्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये नाव हवे. व्हीएनआयटीच्या निम्म्या जागा महाराष्ट्रातल्या मुलांसाठी असतात. जेईईत चांगला स्कोअर आणून ७४ टक्क्यांवर अडकणे हे फार वाईट अडकणे आहे.

"नीट पास झाली, म्हणजे डॉक्टर झालीच"

नीट पास होणे म्हणजे प्रवेशाच्या रांगेत उभे राहायची परवानगी मिळणे. २०२५ मध्ये सुमारे २२ लाख मुलांनी ती परीक्षा दिली आणि सव्वाबारा लाखांहून जास्त पात्र ठरले. खुल्या वर्गाची पात्रता ७२० पैकी १४४ गुणांवर होती. देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा मात्र सव्वा लाखाच्या आसपास, आणि कमी फीच्या सरकारी जागा त्यातल्या जेमतेम निम्म्या. पात्रतेच्या आकड्यावर पेढे वाटून नंतर खासगी कॉलेजच्या फीचा कागद हातात घेणारी घरे या जिल्ह्यात कमी नाहीत.

उलट बाजूही सांगायला हवी. अखिल भारतीय रँक मोठा दिसला की काही जण लगेच आशा सोडतात. सरकारी कॉलेजच्या ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यातून भरतात आणि त्यासाठी सीईटी कक्ष वेगळी राज्य गुणवत्ता यादी लावतो. त्या यादीत फक्त महाराष्ट्रासाठी अर्ज केलेली मुले असल्याने तुमचा क्रमांक बराच वर येतो. आपल्या प्रवर्गातला क्रमांक त्याहूनही वर असतो. मागच्या वर्षीचा कटऑफ बघायचा तर या यादीचा बघावा.

"गोंदियाचे मेडिकल कॉलेज आपल्याच पोरांसाठी आहे"

गोंदियाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१६ मध्ये सुरू झाले. आपल्या गावात कॉलेज आले म्हणजे आपल्या जिल्ह्याला राखीव जागा असणार, असे वाटणे साहजिक आहे. पूर्वी राज्यात ७०:३० हे सूत्र होते. म्हणजे विदर्भातल्या कॉलेजच्या ७० टक्के जागा विदर्भात शिकलेल्यांना मिळत. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने ते रद्द केले. आता राज्य कोट्यातल्या जागेसाठी आमगावची मुलगी आणि लातूरचा मुलगा एकाच यादीत असतात. वडीलधारी मंडळी अजून जुन्या सूत्रावर हिशेब करतात, म्हणून हे ठासून सांगतो आहे.

याच कोट्यात आपल्या सीमेवरच्या जिल्ह्यासाठी आणखी एक धोका आहे, आणि माझ्या मते सगळ्यांत महाग पडणारा गैरसमज हाच. गोंदियाहून गाडीत बसले की काही तासांत दुर्ग-भिलाई येते. तिथे कोचिंग आहे, म्हणून अनेक जण मुलाला अकरावी-बारावीला तिकडेच घालतात. कुणी राजस्थानातल्या कोटा शहरात पाठवतात. पण वैद्यकीयच्या राज्य कोट्यासाठी महाराष्ट्राचा अधिवास दाखला तर लागतोच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजातून झालेली असावी लागते. बदलीवर गेलेल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांसारख्या काही सवलती आहेत, पण शेतकऱ्याच्या किंवा दुकानदाराच्या मुलाला त्या लागू नाहीत. छत्तीसगडमधून बारावी केलेल्या मुलासाठी ८५ टक्क्यांचे दार बंद होते आणि अखिल भारतीय १५ टक्क्यांची चुरस तेवढी उरते. छत्तीसगडचा कोटाही त्याला सहज मिळत नाही, कारण तिथेही रहिवासाची अट आहे. इंजिनिअरिंगचे नियम तुलनेने सैल आहेत, तिथे आईवडिलांच्या अधिवासावरही मार्ग निघतो. मेडिकलची इच्छा असेल तर मात्र नाव इथल्याच कॉलेजात घालावे. ते नावापुरते नको, कारण वर्गातली हजेरी आणि प्रात्यक्षिके मोजली जातात.

कोचिंगला पैसे नाहीत म्हणून बाहेर जाता येत नाही, अशा घरांसाठी एक मार्ग जवळच आहे. नागपूरची महाज्योती ही शासनाची संस्था इतर मागासवर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना नीट, जेईई, सीईटीचे मोफत ऑनलाइन प्रशिक्षण देते, सोबत टॅब्लेट आणि इंटरनेट डेटाही. पोवार, कुणबी, लोधी, कलार घरांतल्या किती मुलांना हे वेळेत कळते याची मला काळजी वाटते. अर्ज दहावीनंतर, विज्ञान शाखेला प्रवेश घेताना करायचा असतो. बारावीत पोहोचल्यावर चौकशी करून उपयोग नाही.

"एकच अभ्यास केला की सगळ्या परीक्षा निघतात"

विषय तेच असले तरी पुस्तक आणि पेपर वेगळे आहेत. सीईटी राज्य मंडळाच्या पुस्तकांवर असते, साधारण ८० टक्के बारावी आणि २० टक्के अकरावी. नीटला एनसीईआरटीची पुस्तके ओळ न ओळ वाचावी लागतात, जीवशास्त्राची तर नक्कीच.

उत्तर माहीत नसेल तर काय करायचे, हेही परीक्षेनुसार बदलते. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे तिथे एकही प्रश्न कोरा सोडणे हे नुकसानच. पण भौतिक आणि रसायनचे १०० प्रश्न ९० मिनिटांत संपवायचे असतात, म्हणून वेगाचा सराव हवा. नीटमध्ये बरोबर उत्तराला ४ आणि चुकीला वजा १. "निगेटिव्ह आहे, हात लावू नको" हा सल्ला सरसकट बरोबर नाही. चारपैकी दोन पर्याय खात्रीने बाद करता आले तर उरलेल्या दोनांतून एक निवडण्यात सरासरी दीड गुणाचा फायदा आहे. काहीच माहीत नसताना मारलेल्या अंदाजाचा फायदा पाव गुणाचा, आणि तेवढ्यासाठी वेळ घालवू नये.

मराठी माध्यमाची भीतीही थोडी कमी करता येईल. नीट आणि जेईई मेन मराठीतून देता येतात. सीईटीत भौतिक, रसायन, जीवशास्त्र मराठीत मिळते, गणित फक्त इंग्रजीत. जेईई ॲडव्हान्स्ड इंग्रजी आणि हिंदीतच असते. घरी पोवारी किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाने दोन वर्षे इंग्रजी पुस्तके वाचली असतील, तर पेपरही इंग्रजीच घेतलेला बरा, कारण संज्ञा त्याला त्याच भाषेत पाठ असतात.

"कागदपत्रे निकालानंतर बघू"

राखीव जागेसाठी जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागते. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचे, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आणि अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचे पुरावे विचारले जातात. १९५६ पर्यंत आपला भाग मध्य प्रदेशात होता आणि १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यात. त्यामुळे आजोबांचे कागद गोंदियात सापडतीलच असे नाही, भंडाऱ्याच्या कार्यालयांतही शोधावे लागतात. आजोबांच्या शाळेची दाखलखारीज नोंद आणि कोतवाल पंजीतली जन्माची नोंद, हे दोन कागद आधी शोधावेत. मूळ घर बालाघाटकडचे असेल, तर ठरलेल्या तारखेला कुटुंब आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत राहत होते हे दाखवावे लागते, आणि त्यात महिने जातात. कॉलेजच्या पत्रासह पडताळणीचा अर्ज अकरावीतच टाकावा. नॉन-क्रिमीलेअरची मुदत प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत असावी लागते, ती तारीख दाखल्यावर आधीच बघून घ्यावी.