पत्र्याची साक्ष आणि सचोटीची कसोटी

मार्च 1961 मध्ये जिनिव्हा येथे जग्वार कंपनीने ई-टाइप ही मोटार जगापुढे आणली. इंग्लंडमधील कॉव्हेंट्रीच्या ब्राउन्स लेन कारखान्यात ती तयार होत असे. विमानविद्येत मुरलेल्या माल्कम सेयर यांनी तिच्या अंगाची रेखा आखली होती. उत्पादन थांबेपर्यंत अशा 72 हजारांहून अधिक गाड्या बनल्या. 2008 पासून ही कंपनी आपल्या टाटा मोटर्सच्या मालकीची आहे.

कापडी छत मागे दुमडता येणाऱ्या ई-टाइपचा जीर्णोद्धार हाती घेणाऱ्यास इंजिनापेक्षा पत्र्यावरच्या बारीक खुणाच अधिक काळ कोड्यात टाकतात. सुरुवातीच्या सुमारे 500 गाड्यांचे बॉनेट बाहेरून, टी आकाराच्या किल्लीने उघडावे लागे. त्यानंतर त्याचे खटके गाडीच्या आत आले. आरंभी बॉनेटवरील उष्ण हवा सोडणाऱ्या फटींच्या पट्ट्या वेगळ्या बनवून जोडीत. पुढे त्या मूळ पत्र्यातच ठशाने उमटवू लागले. पायाखालचा तळ प्रथम सपाट होता. 1962 मध्ये टाचांना जागा मिळावी म्हणून तेथे खोलगट भाग करण्यात आला.

आता एखाद्या गाडीला बाहेरील कुलपेही आहेत आणि तळही खोलगट आहे, तर काय समजावे? कुलपे मूळची असून कुजलेला तळ कोणी नंतरचा सुटा भाग आणून बदलला असेल. किंवा नंतरच्या गाडीवर आधीचे बॉनेट चढविले असेल. लांबलचक बॉनेटला अपघातात पहिला मार बसतो, म्हणून ते बदलले जाणे नवलाचे नाही. एकाच खुणेचे दोन अर्थ निघतात. एका बाजूने पाहून निर्णय देऊ नये, ही अनेकान्ताची शिकवण येथे पत्र्याच्या कामातही उपयोगी पडते.

म्हणून जाणता कारागीर रंग खरवडून धातू पाहतो. कारखान्यात काही सांधे वितळलेल्या शिशाने भरून घासले जात. तेथे आधुनिक पुट्टी निघाली, तर पुढे कोणाचा तरी हात फिरला आहे हे कळते. दार आणि चौकट यांमधील फटही बोलते. छत नसलेल्या गाडीचे बळ दारांखालच्या पोकळ पेट्यांवर, म्हणजे सिलवर, बरेच अवलंबून असते. आतून आधाराच्या सळ्या न लावता त्या कापल्या, तर कणा वाकतो आणि दारे नीट लागत नाहीत.

अंतिम आधार मात्र वहीचा. जग्वारच्या वारसा विश्वस्त संस्थेकडे कारखान्याच्या जुन्या नोंदी आहेत. चासी, इंजिन, गिअरबॉक्स आणि बॉडी यांचे क्रमांक, मूळ रंग, रवानगीची तारीख हे सारे त्यांवरून प्रमाणपत्रात उतरवून मिळते. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या रोजकीर्द आणि खतावणी जपली गेली, त्यांना या नोंदींचे मोल वेगळे सांगायला नको.

कारण येथे मोहही मोठा आहे. बाहेरील कुलपांच्या आरंभीच्या गाडीला नंतरच्या गाडीहून बरीच अधिक किंमत येते. तेव्हा एक बॉनेट बदलून, तळ सपाट करून नंतरच्या गाडीला आरंभीची म्हणून विकणे हाताशी असलेल्यास अवघड नाही. आचार्य उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. खोट्या वजनमापांबरोबरच तेथे प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे अस्सलाच्या नावाखाली नक्कल खपविणे, याचाही उल्लेख आहे. केशरात भेसळ करणारा आणि पत्र्यात खोटी साक्ष उभी करणारा, दोघांचा दोष एकच.

नवा भाग बसविणे मात्र दोषास्पद नाही. गंजलेला तळ बदलल्यावाचून गाडी सुरक्षित होत नाही. दोष आहे तो लपविण्यात. काय काढले, काय बसविले, कोणत्या खुणेचा उलगडा झाला नाही, हे छायाचित्रांसह लिहून ठेवावे आणि विकताना ती वही ग्राहकाच्या हाती द्यावी. अशा गाडीला कदाचित दोन पैसे कमी येतील. परंतु घेणाऱ्याच्या नातवाने उद्या तो पत्रा पुन्हा खरवडला, तरी विकणाऱ्याच्या नावाला बट्टा लागणार नाही. आणि व्यापारी घराण्याचे खरे भांडवल तेच असते.