विमानाच्या इंजिनाचें तोंड रुंद कां झालें?



१९६० सालीं एअर इंडियाच्या ताफ्यांत पहिलीं जेट विमानें आलीं. तीं बोईंग ७०७ जातीचीं होतीं, आणि प्रत्येकाच्या पंखांखालीं चार सडपातळ, चिरुटासारखीं लांबट इंजिनें टांगलेलीं असत. आज बोईंग ७७७ विमानाखालीं दोनच इंजिनें असतात. पण त्यांतील जी.ई. ९० नांवाच्या इंजिनाच्या तोंडाशीं जो पंखा फिरतो, त्याचा व्यास १२८ इंच, म्हणजे सव्वातीन मीटर भरतो. उंच मनुष्य त्या तोंडांत ताठ उभा राहून त्यानें हात वर केला, तरी तो वरच्या कडेला पोंचावयाचा नाहीं. हें इंजिन इतकें लठ्ठ कां झालें? जोर वाढला म्हणून आकार वाढला, असें उत्तर सहज सुचतें. परंतु तें अपुरें आहे. केवळ जोराचाच प्रश्न असता तर ज्या भागांत अग्नि पेटतो तो भागहि त्याच मानानें मोठा व्हावयास हवा होता. प्रत्यक्षांत पंख्याच्या मानानें तो भाग लहान लहान होत आला आहे. या लठ्ठपणाचें मर्म काय, आणि त्याची किंमत कोणकोणत्या रूपांनीं द्यावी लागली, तें आज आपण पाहूं.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. इंजिनांतून निघालेला झोत मागच्या हवेवर आदळतो व तिला रेटा देऊन विमान पुढें जातें, अशी पुष्कळांची समजूत असते. तसें असतें तर जेथें हवाच नाहीं अशा अवकाशांत अग्निबाण चाललाच नसता. होडींतून आपण धक्क्यावर उडी मारतों तेव्हां होडी मागें सरते. ती कांहीं पाण्याला ढकलीत नाहीं, आपल्या पायांनीं तिला मागें रेटलेलें असतें. इंजिन हवेला मागें ढकलतें, म्हणून हवा इंजिनाला पुढें ढकलते. न्यूटनचा तिसरा नियम तो हाच.

आतां साधें जेट इंजिन घ्या. पुढून हवा आंत येते. फिरत्या पात्यांच्या रांगामागून रांगा तिला दाबीत नेतात, हें दाबयंत्र. दाबलेल्या हवेंत रॉकेलच्या जातीचें तेल फवारून जाळतात. तापलेला वायु फुगून मागें धांवतो आणि जातां जातां टर्बाइन नांवाचें चक्र फिरवितो, जसें वाहतें पाणी पाणचक्कीला फिरवितें. या टर्बाइनचा दांडा पुढें जाऊन दाबयंत्राला जोडलेला असतो. लोहाराचा भाता ज्या अग्नीला फुंकतो त्याच अग्नीनें तो भाता हलवावा, असा हा प्रकार आहे. इंग्लंडांत फ्रँक व्हिटल यांनीं १९३० सालीं याच्या पेटंटासाठीं अर्ज केला व १९३७ सालीं असें इंजिन जमिनीवर चालवून दाखविलें. जर्मनींत हान्स फॉन ओहाइन यांच्या इंजिनाचें विमान १९३९ च्या ऑगस्टांत प्रत्यक्ष उडालें. श्रेयाचा वाद येथें नको.

हें इंजिन चाललें. पण तें उधळें होतें. त्याचा उधळेपणा कोठें होता तें थोडें गणित केल्यावांचून कळत नाहीं, आणि तें गणित शाळेंतलेंच आहे. इंजिनाला मिळणारा रेटा हा दर सेकंदाला किती हवा मागें लोटली व तिचा वेग कितीनें वाढविला, या दोहोंच्या गुणाकाराइतका असतो. परंतु त्या हवेंत मागें सोडून दिलेली, म्हणजे वायां गेलेली, ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. समजा, दर सेकंदाला १०० किलो हवेचा वेग ४०० मीटरांनीं वाढविला. रेटा झाला ४०,००० न्यूटन, आणि वायां गेले ८,००० किलोवॅट. आतां ४०० किलो हवा घ्या आणि तिचा वेग फक्त १०० मीटरांनीं वाढवा. रेटा तोच, ४०,००० न्यूटन. वायां गेले २,००० किलोवॅट, म्हणजे पूर्वीच्या चौथाई! पुष्कळ हवा हळू लोटणें हें थोडी हवा जोरानें फेकण्यापेक्षां स्वस्त पडतें. कोंकणच्या खलाशाला हें समीकरण कोणी शिकविलें नव्हतें. पण वल्ह्याचें पातें तो रुंदच घेतो, काठीनें होडी वल्हवीत नाहीं.

या एका गोष्टींतून पुढचें सारें निघालें. गाभ्यांतल्या तप्त वायूनें आणखी एक टर्बाइन फिरवावें, त्याच्या दांड्यावर पुढच्या बाजूला एक मोठा पंखा बसवावा, आणि त्या पंख्यानें ओढलेली बहुतेक हवा गाभ्यांत न जातां बाहेरून, बगलेनें, थंडच मागें लोटावी. यालाच टर्बोफॅन म्हणतात. एअर इंडियाच्या त्या पहिल्या विमानांवरचीं रोल्स-रॉइसचीं कॉन्वे इंजिनें याच जातीचीं होतीं. परंतु त्यांत बगलेनें जाणारी हवा गाभ्यांतल्या हवेच्या जेमतेम चौथ्या-तिसऱ्या हिश्श्याइतकी होती. १९७० सालीं बोईंग ७४७ प्रवाशांस घेऊन उडूं लागलें तेव्हां ती पांचपट झाली. जी.ई. ९० मध्यें ती सुमारें नऊपट आहे, आणि आपल्याकडे रोज शेकडो खेपा करणाऱ्या एअरबस ए-३२० निओ विमानांच्या इंजिनांत अकरा-बारा पट. रेट्याचा मोठा भाग आतां अग्नि न शिवलेली हवाच देते. अग्नीचें काम पंखा फिरविण्याचें, एवढेंच उरलें.

मग उघडा पंखा, म्हणजे जुना प्रोपेलर, काय वाईट होता? कमी वेगाला तो उत्तमच आहे, आणि लहान पल्ल्याच्या विमानांवर आजहि फिरतो. पण ताशीं आठ-नऊशें किलोमीटरांच्या वेगानें जातांना त्याच्या पात्यांचीं टोंकें ध्वनीच्या वेगापलीकडे जातात. हवा फाटल्यासारखी होऊन शक्ति वायां जाते व कल्लोळ माजतो. टर्बोफॅनच्या पंख्याभोंवतीं जें नळकांडें असतें तें येणाऱ्या हवेचा वेग पंख्यापाशीं पोंचण्यापूर्वीं थोडा कमी करतें. नळकांड्याचें हें काम पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं.

आवाजाचीहि गोष्ट येथेंच सांगतों, कारण विलेपार्ल्याच्या किंवा कुर्ल्याच्या माणसाला तेलाच्या बचतीपेक्षां तिचें महत्त्व अधिक. जेम्स लाइटहिल या गणितज्ञानें १९५२ सालीं दाखविलें कीं, झोताच्या आवाजाची शक्ति झोताच्या वेगाच्या सुमारें आठव्या घाताच्या प्रमाणांत वाढते. म्हणजे वेग निम्मा केला तर ती शक्ति अडीचशेंव्या हिश्श्यावर यावी. शहरावरून जाणारीं आजचीं विमानें जुन्या जेट विमानांसारखीं कानठळ्या बसवीत नाहींत याचें मुख्य कारण हेंच.

आतां गाभा. लहानशा गाभ्यांतून एवढा पंखा फिरविण्याइतकी शक्ति काढावयाची तर हवा फार दाबली पाहिजे आणि फार तापविली पाहिजे. आजच्या इंजिनांत टर्बाइनवर येणारा वायु इतका उष्ण असतो कीं तीं पातीं ज्या निकेलच्या मिश्रधातूचीं केलेलीं असतात, ती धातु त्या उष्णतेंत वितळावी. तीं वितळत नाहींत, कारण प्रत्येक पातें आंतून पोकळ असतें व त्याच्या बारीक छिद्रांतून दाबयंत्राकडची तुलनेनें थंड हवा बाहेर पसरत राहते. ही ‘थंड’ हवा स्वतः पांच-सहाशें अंशांची असते! शिवाय असें पातें सबंध एकाच स्फटिकाचें घडवितात, कारण स्फटिकांच्या सांध्यांतूनच धातु प्रथम ताणली जाते.

परंतु पंखा मोठा करीत जाणें हें सुखासुखी होत नाहीं. एक तर त्याचीं पातीं हलकीं हवींत, आणि पक्षी आदळला तरी तुटतां कामा नयेत. रोल्स-रॉइसनें आपल्या आर.बी. २११ इंजिनासाठीं कार्बनच्या तंतूंचीं पातीं केलीं. १९७० सालीं पक्षी आदळण्याच्या चांचणींत तीं टिकलीं नाहींत. पुन्हां टिटॅनियमकडे वळावें लागलें, खर्च आधींच हाताबाहेर गेला होता, आणि ४ फेब्रुवारी १९७१ रोजीं एवढी नांवाजलेली कंपनी दिवाळ्यांत निघाली. सरकारनें ती ताब्यांत घेऊन चालविली. कार्बनचीं पातीं पुढें १९९५ सालीं जी.ई. ९० मधून प्रवासी वाहतुकींत आलींच, मात्र टिटॅनियमची धार लावून.

दुसरी अडचण फेऱ्यांची. ८१ इंच व्यासाचा पंखा मिनिटाला ३,००० फेरे घेऊं लागला तर त्याच्या पात्याचें टोंक सेकंदाला सुमारें ३२३ मीटर जातें; ध्वनि जमिनीजवळ सुमारें ३४० मीटर जातो. म्हणजे पंख्याला हळू फिरणेंच मानवतें. पण त्याला फिरविणारें टर्बाइन व्यासानें लहान. त्याला जलद फिरल्यावांचून नीट काम होत नाहीं. एकाच दांड्यावर दोघांचें पटावें कसें? प्रॅट अँड व्हिटनी कंपनीनें मध्यें दंतचक्रें घातलीं. टर्बाइनचे तीन फेरे होतात तेव्हां पंख्याचा एक. २०१६ पासून हीं इंजिनें एअरबसवर आहेत. एवढा भार सोसून दंतचक्रें टिकतील का, ही सर्वांना धास्ती. तीं टिकलीं, पण २०२३ सालीं निराळीच खोट उघडकीस आली. गाभ्यांतील वेगानें फिरणाऱ्या तबकड्या ज्या धातूच्या भुकटीपासून घडविल्या होत्या, त्या भुकटींतच भेसळ निघाली. जगभर, आणि आपल्याकडेहि, कितीतरी विमानें तपासणीसाठीं जमिनीवर बसून राहिलीं. त्याच्या थोडें आधीं, मे २०२३ मध्यें, मुंबईच्या गो फर्स्ट कंपनीनें याच इंजिनांकडे बोट दाखवून दिवाळखोरीचा अर्ज केला होता. इंजिनकर्त्यांनीं तो आरोप नाकारला.

तिसरी अडचण वरकरणीं अगदींच साधी दिसते, आणि तीच सर्वांत महाग पडली. रुंद इंजिन पंखाखालीं मावलें पाहिजे. बोईंग ७३७ हें विमान १९६७ सालीं प्रथम उडालें, तेव्हां इंजिनें बारीक होतीं. सामान हातानें चढवितां यावें म्हणून विमानहि ठेंगणें ठेवलें. १९८४ सालीं त्यावर टर्बोफॅनची रुंद पिढी आली तेव्हां इंजिनाच्या वेष्टनाचें पोट खालून चपटें करावें लागलें. पुढें मॅक्स नांवाच्या आवृत्तीसाठीं ६९ इंचांचा पंखा आला. आतां चपटें करूनहि भागेना. मग इंजिन पुढें सरकवून वर उचललें व पुढच्या चाकाचा पाय लांब केला. परिणाम असा झाला कीं विमानाचें नाक फार वर गेलें म्हणजे त्या इंजिनांचीं वेष्टनेंच हवेंत उचल खाऊं लागत व नाक आणखी वर जाऊं पाही. त्यावर उपाय म्हणून नाक आपोआप खालीं दाबणारी एक योजना संगणकांत घातली, आणि तिला एकाच संवेदकाच्या सांगण्यावर विसंबून ठेवलें. तो संवेदक खोटें सांगूं लागला तर काय? २९ ऑक्टोबर २०१८ रोजीं इंडोनेशियांत आणि १० मार्च २०१९ रोजीं इथिओपियांत तेंच घडलें. ३४६ माणसें गेलीं. इंजिनांत कांहीं दोष नव्हता. जुन्या ठेंगण्या पायांवर नवें रुंद तोंड बसविण्याचा हट्ट धरला गेला, आणि पहिल्या अपघातापर्यंत त्या योजनेचा उल्लेखहि वैमानिकांच्या पुस्तकांत केला गेला नव्हता. हें दुसरें कृत्य मला पहिल्याहून अधिक अक्षम्य वाटतें.

तरीहि रुंदीचा मोह सुटलेला नाहीं, कारण गणित बदललेलें नाहीं. नळकांडें जितकें मोठें तितकें त्याचें वजन व हवेशीं घर्षण अधिक. एका मर्यादेनंतर पंख्यानें वांचविलेलें तेल तेंच खाऊन टाकतें. म्हणून २०२१ सालीं जनरल इलेक्ट्रिक आणि फ्रान्सची साफ्रान यांनीं नळकांडेंच काढून टाकून उघडा पंखा करण्याची योजना जाहीर केली. त्याच्या मागें न फिरणाऱ्या पात्यांची एक रांग असावयाची आहे. ही कल्पनाहि नवी नव्हे. १९८६ सालीं असें इंजिन विमानावर बसवून उडविलें होतें, पण तेल स्वस्त झालें आणि तें मागें पडलें. प्रोपेलरच्या ज्या दोषांमुळें नळकांडें आलें ते पात्यांना पातळ व तलवारीसारखा बांक देऊन बरेच कमी करतां येतात, असें आतां दिसतें. मात्र नळकांडें आणखी एक काम करीत असतें: पंख्याचें पातें तुटलें तर तें आंतच अडवून धरणें, आणि आजच्या प्रत्येक टर्बोफॅनला जमिनीवर एक पातें मुद्दाम तोडून तसें सिद्ध करून दाखवावें लागतें. भिंतच नसलेल्या पंख्यानें हें कसें सिद्ध करावयाचें, यावर सध्यां इंजिनियर मंडळी डोकें चालवीत आहेत.