एकट्याचा बाजार, एकट्याचे ताट

दवाखान्यात येणाऱ्या रुग्णाला मी एक प्रश्न हमखास विचारतो, "घरी स्वयंपाक कोण करतं?" अलीकडे या प्रश्नाला "मीच करतो, एकटाच असतो" किंवा "एकटीच असते" असे उत्तर फार वेळा येते. मुले पुण्या-मुंबईला किंवा परदेशी, जोडीदार निवर्तलेला, अशी ज्येष्ठ मंडळी. बदलीवर आलेले बँकेतले आणि शाळेतले नोकरदार. खोली घेऊन राहणारे विद्यार्थी. यांच्या पोटाच्या तक्रारी, वाढलेली साखर आणि अशक्तपणा यांची मुळे पुष्कळदा त्यांच्या बाजाराच्या पिशवीत सापडतात.

आपला बाजार आणि आपली सवय, दोन्ही भरल्या घरासाठी आहेत. मेथीची जुडी चौघांना पुरेल एवढी असते. ज्या हाताने तीस वर्षे पाच माणसांचा भात लावला, तो हात एकट्यासाठीही सढळच पडतो. मग उरते आणि उरले की दोन तऱ्हा दिसतात.

पहिली तऱ्हा "टाकवत नाही" म्हणणाऱ्यांची. एक निवृत्त गुरुजी रात्री दहाला उलट्यांनी बेजार होऊन आले होते. सकाळी लावलेला भात दिवसभर ओट्यावर होता, रात्री तो फोडणी देऊन खाल्ला. "डॉक्टर, चांगला गरम करून खाल्ला हो!" हे त्यांचे म्हणणे खरे होते. पण भातात 'बॅसिलस सेरियस' नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवल्यानेही मरत नाहीत. भात उबदार हवेत तासन् तास राहिला की जंतू वाढतात व विष तयार करतात. हे विष पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. असा भात खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. धडधाकट माणूस दिवसभरात सावरतो. पण सत्तरीच्या, रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या आणि घरी एकट्या असणाऱ्या माणसाच्या अंगातले पाणी कमी झाले, तर पाणी द्यायलाही जवळ कोणी नसते.

याच तऱ्हेचे मधुमेही उरू नये म्हणून तिसरी पोळी खातात, वर थोडा भात संपवतात आणि साखर का वाढली, असे मला विचारतात.

दुसरी तऱ्हा याच्या उलट. एक आजी भाज्या सडतात, टाकताना जीव तुटतो, म्हणून भाजी आणायच्याच थांबल्या. रात्री चहा आणि टोस्ट, सकाळी भात आणि लोणचे. वर्षभरात वजन सहा किलोंनी उतरले, रक्त कमी झाले, चालताना तोल जाऊ लागला. दुसरा आजार नाही ना, याची खात्री करून घेतली. तपासण्या झाल्या आणि शेवटी दोष ताटाचाच निघाला.

अन्नाला आपण देव मानतो, ते योग्यच आहे. पण पोट म्हणजे कचऱ्याचा डबा नव्हे. अन्न वाया जाणे थांबवायचे, ते बाजारात आणि पातेल्यात. ताटावर बसल्यावर नव्हे.

हिशेब एका माणसाचा

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार, दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या माणसाला साधारण २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे आणि ३०० मिलिलिटर दूध पुरते. म्हणजे महिन्याला गहू, ज्वारी, तांदूळ सगळे मिळून साडेसात किलो, डाळी-कडधान्ये अडीच किलो. भाजी आठवड्याला पावणेतीन किलो. वय झालेल्या, फारशी हालचाल नसलेल्या माणसाला धान्य याहूनही कमी लागते. डाळ, दूध आणि भाजी मात्र कमी करू नये. हे आकडे कागदावर लिहून पिशवीत ठेवावेत.

वर्षाचे धान्य भरण्याची जुनी पद्धत एकट्याच्या घरात सोडून द्यावी. धान्य पडून राहते, कीड लागते आणि मग कोणीतरी त्यात टाकायच्या विषारी गोळ्या आणून देतो. ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या या गोळ्यांतून निघणारा वायू बंद खोलीत जीव घेऊ शकतो. राहत्या घरात त्या आणूच नयेत. किराणा महिन्याचाच भरावा. दळण दोन किलोंचे आणावे आणि बाजरीचे तर आठवड्यापुरतेच, कारण ते पीठ लवकर कडू होते. मोठे पाकीट स्वस्त पडते म्हणून घेऊ नये. निम्मे टाकावे लागले, तर ते महागच पडले.

भाजी आठवड्यातून दोनदा आणावी. आठवडी बाजारातून एकदम आणणे भाग असेल, तर खाण्याचा क्रम ठरवावा. पहिले दोन दिवस पालेभाजी, मग भेंडी, गवार, दोडका, शेवटी कोबी, गाजर, लाल भोपळा. त्यानंतर बाजार होईपर्यंत मूठभर मटकी किंवा मूग भिजवून उसळ करावी. पालेभाजी निवडून, न धुता, कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवावी. कांदे-बटाटे एकत्र ठेवू नयेत. बटाटे अंधारात ठेवावेत. केळी घेताना दोन पिकलेली, दोन कच्ची घ्यावीत. जुडी मोठी असेल, तर शेजाऱ्यांशी निम्मी वाटून घ्यावी. त्यात कमीपणा नाही, उलट त्या निमित्ताने रोज कोणीतरी दार वाजवते.

शिजवल्यानंतर

भात अर्ध्या वाटी तांदळाचा आणि एका वेळेपुरताच लावावा. उरणार हे दिसत असेल, तर जेवायला बसण्यापूर्वीच वेगळे काढावे. पसरट भांड्यात निववून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावे. उन्हाळ्यात एका तासाच्या आत. वरण, उसळ, भाजी दुसऱ्या दिवशी संपवावी. खाताना वाफ येईपर्यंत, एकदाच आणि खायची तेवढीच गरम करावी. फ्रीज नसेल, तर एका वेळचेच शिजवावे. पोळी-भाकरीला ही धास्ती कमी, कारण त्यात ओलावा कमी असतो. सकाळच्या पोळीचा संध्याकाळी कुस्करा खुशाल करावा.

फ्रीज म्हणजे कपाट नव्हे. तो गच्च भरला की थंड हवा फिरत नाही. वीज गेल्यावर दार उघडू नये; बंद फ्रीजमध्ये गारवा साधारण चार तास टिकतो. त्याहून जास्त वेळ वीज नसेल, तर शिजवलेले अन्न आणि दूध यांचा मोह सोडावा.

काय टाकावेच

बुरशी आलेले शेंगदाणे, मका, धान्य निवडून वापरू नये. त्यावरच्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार होऊ शकते आणि ते नेहमीच्या शिजवण्या-भाजण्याने पुरते जात नाही. बुरशीचा पाव कोपरा काढून खाऊ नये, सगळाच टाकावा. हिरवे पडलेले, कडवट लागणारे बटाटे, खवट तेल, फुगलेला डबा यांनाही निरोप द्यावा. चव घेऊन पाहण्याचा प्रयोग नको. जंतूंचे विष बऱ्याचदा वास आणि चव न बदलताच असते.

पाकिटावरच्या तारखेबाबत मात्र घाबरू नये. 'बेस्ट बिफोर' ही चवीची व दर्जाची तारीख आहे. कोरडी राहिलेली बिस्किटे त्यानंतर एका दिवसात विषारी होत नाहीत. 'एक्सपायरी' किंवा 'यूज बाय' लिहिले असेल, तर ती तारीख मात्र पाळावी.

संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालानुसार, २०२२ साली जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातले साठ टक्के घराघरांतून गेले. तेव्हा एका माणसाच्या पातेल्याचा हिशेबही क्षुल्लक नाही.

शेवटी दूर राहणाऱ्या मुलांसाठी. सुटीत आल्यावर आई-वडिलांसाठी सहा महिन्यांचा किराणा भरून जाण्यात माया असते, पण डबे उघडायला हात एकाचेच असतात. त्यापेक्षा दर आठवड्याला फोनवर "तब्येत कशी आहे?" याबरोबर "आज काय केलं होतंस? काल काय खाल्लंस?" असे विचारा. आल्यावर फ्रीज उघडून पाहा. कपडे ढगळ झालेत का, तेही पाहा. वजन उतरत असेल किंवा दोन वेळचे ताट चहा-बिस्किटांवर आले असेल, तर टॉनिकची बाटली आणण्याआधी त्यांना घेऊन दवाखान्यात या.