नकलेचा स्वतःचा सूर : गिटारचीं पहिलीं अंकीय यंत्रें

पुष्कळ यंत्रांच्या नशिबीं एक चमत्कारिक क्रम लिहिलेला असतो. तीं प्रथम दुसऱ्या कशाची तरी स्वस्त नक्कल म्हणून जन्मास येतात. जाणकार त्यांना पाहून नाकें मुरडतात. पुढें त्यांच्याहून सरस यंत्रें निघालीं म्हणजे तीं अडगळींत पडतात. आणि तेथें धूळ खात असतांनाच एके दिवशीं लोकांना त्यांची आठवण येऊं लागते. विजेच्या गिटारसाठीं निघालेल्या पहिल्या अंकीय, म्हणजे डिजिटल, यंत्रांचें आज असेंच झालें आहे. साधारणतः १९८५ ते २००० या काळांत हीं यंत्रें घरोघरच्या वादकांच्या हातीं आलीं. त्यांना ‘इफेक्ट्स प्रोसेसर’ असें नांव आहे. आज त्यांच्याहून कितीतरी समर्थ यंत्रें मिळत असतां, त्या काळीं तरुण असलेले वादक हीं जुनीं यंत्रें शोधीत फिरतात, आणि त्यांच्या मुलांच्या वयाचे वादकहि त्यांत सामील होतात. ही केवळ सरलेल्या तारुण्याची हुरहुर आहे, कीं त्या आवाजांतच कांहीं आहे?

या प्रश्नाचें उत्तर मिळण्यासाठीं विजेच्या गिटारचा आवाज होतो कसा, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. सतारीला भोपळा असतो, साध्या गिटारला लांकडी पेटी असते, व त्यांच्या योगानें तारेचा नाद मोठा होतो. विजेच्या गिटारचें अंग बहुधा भरीव लांकडाचें असतें. तारेखालीं लोहचुंबकाभोंवतीं तांब्याच्या बारीक तारेचें वेटोळें बसविलेलें असतें. वरची पोलादी तार हलली कीं त्या वेटोळ्यांत अत्यंत क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. तो ध्वनिवर्धकांत मोठा होऊन कर्ण्यावाटे बाहेर पडतो. म्हणजे गिटार हें अर्धेंच वाद्य होय. उरलेलें अर्धें ध्वनिवर्धक व त्याचा कर्णा यांत असतें.

ध्वनिवर्धकांतील निर्वात नळ्यांना, म्हणजे व्हॉल्व्हना, त्यांच्या शक्तीबाहेर राबविलें तर त्या मूळ लहरीचे शेंडे कापूं लागतात. लहरीचा आकार बदलला कीं मूळ स्वरांत नसलेले उपस्वर उत्पन्न होतात. शास्त्राच्या दृष्टीनें हा दोष. परंतु वादकांना तोच गोड लागला. तंबोऱ्याच्या घोडीवर जवारीचा दोरा सरकवून तार बोलती केलेली ज्यांनीं ऐकली आहे, त्यांना यांतील मर्म चटकन् समजेल. कारण तेथेंहि उपस्वरांच्या समृद्धीसाठींच तारेच्या मोकळ्या कंपनांत मुद्दाम अडथळा आणलेला असतो. १९६२ सालीं लंडनच्या हॅनवेल भागांतील जिम मार्शल यांच्या दुकानांत, अमेरिकेंतील फेंडर कंपनीच्या ‘बासमन’ या ध्वनिवर्धकाच्या धर्तीवर, पहिला मार्शल ध्वनिवर्धक तयार झाला, आणि पुढील रॉक संगीताच्या आवाजाला त्या घराण्यानें मोठें वळण दिलें. मात्र हा आवाज हवा असल्यास ध्वनिवर्धक जवळजवळ पुरा उघडावा लागे. भिंती हादरत, शेजारी दार ठोठावीत. यंत्र जड, किंमत भारी, आणि एका ध्वनिवर्धकाचा आवाज दुसऱ्यांतून काढतां येत नसे. तेव्हां ज्याच्यापाशीं जागा व पैसा, त्यालाच तो नाद, अशी स्थिति होती.

अंकीय यंत्राची युक्ति निराळी. लहरीची उंची एका सेकंदांत हजारों वेळां मोजावयाची, आलेले आंकडे स्मृतिकोशांत साठवावयाचे, त्यांवर गणित करावयाचें, आणि शेवटीं त्या आंकड्यांची पुन्हां लहर बनवावयाची, एवढेंच तिचें सार. आंकडे कांहीं वेळ राखून मग सोडले कीं प्रतिध्वनि झाला. असे असंख्य प्रतिध्वनि एकमेकांत मिसळून क्षीण करीत नेले कीं देवळाच्या गाभाऱ्यांतला घुमारा झाला. अमेरिकेंतील लेक्सिकॉन कंपनीनें १९७१ सालीं ‘डेल्टा टी-१०१’ हें ध्वनि उशिरा सोडणारें यंत्र काढलें. १९७५ सालीं इव्हेंटाइड कंपनीचें स्वराची उंची बदलणारें ‘एच ९१०’ आलें, आणि १९७६ सालीं जर्मनींतील ईएमटी कंपनीचें घुमाऱ्याचें ‘ईएमटी २५०’ आलें. हीं सारीं यंत्रें मोठ्या ध्वनिमुद्रणशाळांनाच परवडणारीं होतीं.

पुढें स्मृतीच्या चिप स्वस्त झाल्या, आणि तीच विद्या सामान्य वादकाच्या पायापाशीं आली. बॉस या जपानी कंपनीचें ‘डीडी-२’ हें पायानें दाबण्याचें लहान पेडल ८०० मिलिसेकंदांपर्यंत ध्वनि उशिरा सोडूं शके. तें १२ बिटांचें होतें; म्हणजे लहरीची उंची मोजण्यासाठीं त्याच्यापाशीं ४,०९६ पायऱ्या होत्या. संगीताच्या सीडीवर हें माप १६ बिटांचें, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांचें असतें. यावरून पेडलाचें माप किती ओबडधोबड होतें, याची कल्पना येईल. १९८५ सालीं यामाहा कंपनीचें ‘एसपीएक्स ९०’ निघालें, १९८६ सालीं ॲलेसिसची ‘मिडिव्हर्ब’ निघाली. या मिडिव्हर्बमध्यें ६३ ठराविक नादसंस्कार होते व त्यांतला एकहि वादकाला बदलतां येत नसे. १९९० सालीं झूम कंपनीनें ‘९००२’ ही पेटी काढली. ती इतकी लहान कीं गिटारच्या पट्ट्याला अडकवून वादकानें खुशाल हिंडावें.

याच्या पुढचें पाऊल म्हणजे खुद्द ध्वनिवर्धकाचीच नक्कल. तिला ‘ॲम्प मॉडेलिंग’ म्हणतात. एखादा नामांकित ध्वनिवर्धक समोर ठेवावयाचा; त्यांत लहान-मोठे स्वर घालून बाहेर काय येतें तें मोजावयाचें; कोणतीं कंपनें तो उचलून धरतो व कोणतीं दाबतो, लहरीचे शेंडे किती गोलाईनें कापतो, कर्णा त्यांत काय भर घालतो, हें सारें सूत्रबद्ध करावयाचें; आणि तीं सूत्रें एका चिपकडून क्षणोक्षणीं सोडवून घ्यावयाचीं. जपानच्या रोलँड कंपनीचें १९९५ सालचें ‘व्हीजी-८’ हें या मार्गावरील एक मोठें यंत्र. त्यासाठीं प्रत्येक तारेचा प्रवाह वेगळा उचलणारें खास साधन गिटारला बसवावें लागे. १९९६ सालीं कॅलिफोर्नियांतील लाइन ६ या कंपनीनें अशा नकलांवर चालणारा ‘ॲक्सिस २१२’ हा ध्वनिवर्धक आणला, व १९९८ सालीं तिनेंच ‘पॉड’ काढला. राजम्याच्या दाण्याच्या आकाराची ही लाल पेटी टेबलावर सहज मावे. एक बटण फिरविलें कीं इंग्लंडचा ध्वनिवर्धक, आणखी फिरविलें कीं अमेरिकेचा. हेडफोन चढविला कीं मध्यरात्रीं निजलेल्या घरांतहि वादकानें आपल्या कानापुरती सभा गाजवावी.

या नकलांत उणिवा होत्या. अंकीय यंत्र लहर तुटक तुटक मोजतें, आणि मोजणीच्या वेगाच्या निम्म्याहून अधिक कंपनांचा स्वर त्याला ओळखतां येत नाहीं. लहरीचे शेंडे कापतांना तर असे उंच उपस्वर पुष्कळच उत्पन्न होतात. ते नाहींसे न होतां खालच्या पट्टींत भलतेच स्वर होऊन परत येतात. चित्रपटांत भरधांव गाडीचीं चाकें कधीं कधीं उलटीं फिरतांना दिसतात, त्यांतलाच हा प्रकार. गणित पुष्कळ अधिक वेगानें केलें तर हा दोष आटोक्यांत येतो. पण त्या काळच्या चिपना तो भार झेपत नसे. म्हणून जोरकस स्वरावर वाळू भुरभुरावी तशी एक कोरडी किरकिर चढे. शिवाय बोटाचा आघात हलका केला असतां व्हॉल्व्हचा आवाज जसा हळुवार निवळतो, तसा या यंत्राचा निवळत नसे. जाणकारांनीं त्याला निर्जीव म्हटलें, आणि तो ठपका सर्वस्वीं अन्यायाचा नव्हता.

तरीहि हीं यंत्रें लोकांच्या मनांत घर करून राहिलीं, याचें एक कारण उघड आहे. ज्यांना मोठा ध्वनिवर्धक स्वप्नांतहि परवडत नव्हता, अशा तरुणांना त्या सुरांचा पहिला स्पर्श यांच्याच द्वारें झाला. लहानशा पडद्यावर दोन आंकडे उजळत, आणि प्रत्येक आंकड्यामागें एक आवाज ठरलेला असे. तो आंकडा व तो आवाज यांची गांठ वीस-पंचवीस वर्षांनींहि सुटत नाहीं. पाठ्यपुस्तकांतील कवितेबरोबर त्या वर्गाच्या खिडकींतलें झाड आठवावें, तसें हें आहे. येथें यंत्राचा गुण थोडा व आठवणीचा गुण फार, हें कबूल केलें पाहिजे.

परंतु आठवणीनें सारा उलगडा होत नाहीं. ज्यांना त्या काळाची आठवणच नाहीं, ते तरुण वादकहि या पेट्या घेतात, याचा अर्थ काय? याचें उत्तर त्या काळच्याच एका उदाहरणांत सांपडतें. ‘एसपीएक्स ९०’ व मिडिव्हर्बची दुसरी आवृत्ति या यंत्रांत एक उलटा घुमारा होता. खरा घुमारा हळूहळू विरत जातो. हा मात्र वाढत जाऊन एकदम तुटतो. असा घुमारा कोणत्याहि देवळांत वा गुहेंत ऐकूं येणार नाहीं. ‘माय ब्लडी व्हॅलेंटाइन’ या वाद्यवृंदाच्या केव्हिन शील्ड्स यांनीं गिटारसाठीं त्याचा मनसोक्त उपयोग केला, आणि त्यांच्या १९९१ सालच्या ‘लव्हलेस’ या संग्रहानंतर तो आवाज एका संपूर्ण संगीतपंथाची खूण ठरला. यंत्र जेथें निसर्गाची नक्कल करीत होतें तेथें तें उणें पडलें. जेथें त्यानें नक्कल सोडली तेथें त्याला स्वतःचा सूर सांपडला. बारा बिटांच्या प्रतिध्वनीचा मंद काळोखहि असाच त्याचा स्वतःचा आहे.

महाराष्ट्राला हा अनुभव अपरिचित नाहीं. हार्मोनियम ही परदेशांतून आलेली पेटी. तिचे सूर पट्ट्यांना बांधलेले, तिच्यांत मींड नाहीं, असे आक्षेप घेऊन १९४० सालीं भारतीय नभोवाणीनें तिच्यावर बंदी घातली, व ती १९७१ सालीं कांहीं अटींवर सैल झाली. ते आक्षेप खोटे नव्हते. पण तोंवर मराठी नाट्यसंगीताच्या रसिकांना पेटीवांचून पद अपुरें वाटूं लागलें होतें. पेटी सारंगी झाली नाहीं. ती पेटी झाली.

मात्र गिटारच्या या यंत्रांवर एक संकट आहे, तें पेटीवर नाहीं. पेटीचा सूर बिघडला तर कारागीर तो कानशीनें घांसून लावतो. १९५९ सालच्या बासमनची मंडलाकृति आज सर्वांना ठाऊक आहे. एखादा कुशल माणूस तो ध्वनिवर्धक घरीं नव्यानें बांधूं शकतो. अंकीय पेटीचा प्राण मात्र तिच्यासाठींच घडविलेल्या चिपमध्यें व त्यांतील गुप्त आज्ञावलींत असतो. ती चिप जळाली आणि कारखान्यानें तिचें उत्पादन थांबविलेलें असलें, तर ती पेटी बहुधा कायमची मुकी होते. जुन्या ध्वनिवर्धकांचे आवाज जतन करण्याची हमी देणारें यंत्र त्या ध्वनिवर्धकांहूनहि अल्पायुषी ठरावें, हा दैवाचा मोठाच विनोद होय.

म्हणूनच आतां नकलेचीहि नक्कल होऊं लागली आहे. लाइन ६ कंपनीनें १९९९ सालच्या आपल्या ‘डीएल४’ या हिरव्या प्रतिध्वनियंत्राचे आवाज २०२२ सालच्या नव्या आवृत्तींत पुन्हां भरले. इव्हेंटाइडचें ‘एच ९१०’ संगणकावरील आज्ञावलीच्या रूपानें मिळतें. परंतु शेंकडों सामान्य पेट्यांना असा वारस मिळणार नाहीं. त्यांचें आयुष्य ज्याच्या घरांत त्या आहेत, त्याच्याच हातीं आहे. यांतील कित्येक यंत्रांची स्मृति आंतल्या एका नाण्याएवढ्या विद्युत्घटावर टिकून असते. तो संपला कीं वादकानें स्वतः जुळविलेले सारे आवाज पुसले जातात. तेव्हां घट बदलण्यापूर्वीं ते आवाज मिडीच्या तारेनें संगणकावर उतरवून घ्यावे, आणि तें न साधल्यास प्रत्येक आवाजाचे आंकडे वहींत लिहून ठेवावे. शाईनें लिहिलेला आंकडा कोणत्याहि विद्युत्घटावर अवलंबून नसतो.